शेकोटी आणि कंदील : ख्रिस्ती युवक-शिबिरांविषयी

मे महिना लागला की आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती घरांतून एक लगबग सुरू होते. शाळेचे दप्तर रिकामे केले जाते. त्यात दोन जोड कपडे, एक चादर, ताट-वाटी-पेला, बॅटरी, पवित्र शास्त्र आणि एक कोरी वही भरली जाते. घरातील मुलगा किंवा मुलगी ‘शिबिराला’ निघालेली असते. आपल्या महाविद्यालयात या शिबिरांविषयी फारसे कोणास ठाऊक नाही. ‘शिबिर’ म्हटले की आपल्यापुढे राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, श्रमदान आणि गावची गटारे उभी राहतात. म्हणून ही शिबिरे कशी असतात ते प्रथम सांगून, त्यांचा तरुणांच्या श्रद्धेवर खरोखर काय परिणाम होतो याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय सुचण्यास एक कारण घडले. गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या तासाला सरांनी एमिल दुर्खीम शिकविला. माणसे एकत्र जमतात, एका लयीत गातात, डोलतात, तेव्हा प्रत्येकाला आपल्याहून मोठ्या अशा एखाद्या शक्तीचा स्पर्श झाल्यासारखे वाटते. ती शक्ती म्हणजे वस्तुतः तो समूहच होय, असे दुर्खीमने १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडले. सर ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयी बोलत होते. मला मात्र शिबिराची शेवटची रात्र दिसत होती. त्या रात्री ‘ज्यांना आपले जीवन प्रभूला द्यावयाचे आहे त्यांनी उभे राहावे’ असे सांगतात. मी एकदा नव्हे, तीन वेळा उभी राहिले आहे : २०१९, २०२२ आणि २०२३ साली. पहिल्या वेळी मी जर खरोखर जीवन दिले होते, तर दुसऱ्या वेळी काय दिले? आणि तिसऱ्या वेळी? तास संपला, पण हा प्रश्न काही संपला नाही.

शिबिर सहसा पाच ते सात दिवसांचे असते. सुटीमुळे रिकाम्या पडलेल्या एखाद्या मिशन शाळेत, किंवा डोंगरावरील जुन्या बंगल्याच्या आवारात ते भरते. वर्गातील बाके भिंतीला लावून मुली एका बाजूच्या खोल्यांत, मुले दुसऱ्या बाजूच्या खोल्यांत झोपतात. पहाटे साडेपाचला घंटा होते. तोंड धुऊन प्रत्येकाने आपले शास्त्र घेऊन एकेका झाडाखाली एकट्याने बसावयाचे. यास ‘एकांत प्रार्थना’ म्हणतात. (पहिल्या वर्षी मी या एकांतात नियमितपणे झोपत असे.) मग चहा, गाणी, गटवार शास्त्राभ्यास, व्याख्यान, दुपारी वचनांच्या पाठांतराची स्पर्धा, संध्याकाळी खेळ, रात्री नाटिका. गटांना गालील, यार्देन, बेथानी अशी नावे असतात आणि संडास झाडण्यापासून नाटिकेपर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण असतात. जेवण साधे : वरण-भात, एक भाजी, आणि एका रात्री मटण. त्या रात्रीची वाट पाहत मुले धर्मशास्त्रातील कठीण भागही निमूटपणे ऐकून घेतात.

येथवर वाचून हे एखाद्या स्काउटच्या मेळाव्यासारखे वाटेल. परंतु खेड्यातून आलेल्या मुलाच्या दृष्टीने यात एक वेगळीच गोष्ट घडत असते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. आमच्या गावात आमची चार घरे. शाळेत माझ्या वर्गात मी एकटी. कोणी वाईट वागत असे असे मुळीच नाही. पण दर नाताळात ‘तुमच्यात केक कापतात का’ हा प्रश्न, आणि एरवी ‘तुम्ही इंग्रजांचे का’ हा प्रश्न. उत्तर मला ठाऊक नव्हते आणि घरी विचारावे असेही सुचले नव्हते. तेरा वर्षांची असताना मी त्या शिबिराच्या फाटकातून आत गेले आणि शंभरावर मुले-मुली मला ‘सलाम’ म्हणाली. घरी पाळकसाहेब आले म्हणजे आम्ही करतो तोच सलाम. आमच्या आजीची गाणी त्या सगळ्यांना येत होती! माझे नाव ऐकून कोणी पुन्हा विचारले नाही. जो बहुसंख्य समाजात वाढला त्याला या सुखाची कल्पना येणे अवघड आहे. श्रद्धेचा प्रश्न पुढचा. आधी आपण एकटे नाही हे कळावे लागते, आणि ते कळविण्याचे काम शिबिर पहिल्या पाच मिनिटांत करते.

आणखी एक ऋण सांगितले पाहिजे. आमच्या गटाची ताई पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. मुलीने बारावीनंतरही शिकावयाचे असते, त्यासाठी अर्ज कसा करतात, वसतिगृह कसे मिळते, हे मला प्रथम तिने सांगितले. आमच्या घरात ते सांगणारे कोणी नव्हते.

आता ती शेवटची रात्र. मैदानात लाकडे रचलेली असतात. अंधार पडल्यावर शेकोटी पेटते. आधी टाळ्यांची गाणी, मग हळूहळू संथ गाणी. प्रत्येकाला कागदाचा तुकडा मिळतो. त्यावर आपले पाप लिहून, घडी घालून तो विस्तवात टाकावयाचा. (मी ‘खोटे बोलणे’ असे लिहिले होते. ते मोघम असल्यामुळे खोटेच होते.) मग वक्ते बोलू लागतात. ते एका तरुणाची गोष्ट सांगतात : त्याने निर्णय उद्यावर ढकलला आणि घरी जाताना वाटेतच अपघातात गेला. ही गोष्ट मी तीन वर्षे तीन वेगवेगळ्या वक्त्यांकडून ऐकली; एकदा तो मोटारसायकलवर होता, दोनदा एसटीत. मग डोळे मिटावयास सांगतात. पेटी हळू वाजत असते. ‘कोणीही कोणाकडे पाहू नका. ज्यांना वाटते त्यांनी उभे राहा.’

माझ्या शेजारची उभी राहिली, म्हणून मी उभी राहिले, हे आज मी कबूल करते. पण उभी राहिल्यावर जे रडू आले ते शेजारणीचे नव्हते. ते माझे होते. या दोन्ही वाक्यांपैकी एक खोडून दुसरे ठेवावे असे मला अनेकदा वाटले. पण दोन्ही खरी आहेत.

घरी परतल्यावर तीन आठवडे मी पहाटे उठले. जूनमध्ये शाळा सुरू झाली. पोळ्यापर्यंत सारे संपले होते. शास्त्रातील खुणेची दोरी मार्काच्या चौथ्या अध्यायात अडकून राहिली ती पुढे सरकली नाही. गंमत अशी की पेरणाऱ्याचा दाखला त्याच अध्यायात आहे. खडकाळीवर पडलेले बी लगेच उगवते आणि मूळ नसल्यामुळे उन्हाने करपते, असे त्यात सांगितले आहे. माझ्या ओळखीच्या शिबिरार्थींपैकी बहुतेकांचा अनुभव याहून फार निराळा नाही.

ही ‘उभे राहण्याची’ रीत आली कोठून? ती शास्त्रात नाही. तिचा माग काढीत गेले असता अमेरिकेत पोहोचावे लागते. १८०१ च्या ऑगस्टमध्ये केंटकी प्रांतात केन रिज येथे एक मोठी सभा भरली. त्या काळी तेथे वस्ती विरळ आणि पाळक थोडे. लोक गाड्या जुंपून, तंबू घेऊन कुटुंबासह येत व कित्येक दिवस रानातच मुक्काम करीत. केन रिजला दहा हजारांहून अधिक लोक जमले होते असे मानतात. अनेक उपदेशक एकाच वेळी निरनिराळ्या जागी बोलत, ऐकणारे रडत, थरथरत, खाली कोसळत. पुढे चार्ल्स फिनी या उपदेशकाने १८३० च्या सुमारास या भावावेगाला एक शिस्त लावली : ज्यांचे मन व्याकूळ झाले आहे त्यांनी उठून पुढच्या बाकावर येऊन बसावे. आमची शेकोटी त्या बाकाची नात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या बाकावर त्याच काळात कठोर टीकाही झाली होती. पेनसिल्व्हेनियातील जॉन नेव्हिन या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने १८४३ साली त्यावर एक छोटे पुस्तकच लिहिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मंडळीपुढे दोन पद्धती आहेत. एक बाकाची, दुसरी प्रश्नोत्तरीची. बाकाची पद्धत तत्काळ फळ दाखविते. प्रश्नोत्तरीची पद्धत घरात, शाळेत, वर्षानुवर्षे सावकाश काम करते. बाक वाढले की प्रश्नोत्तरी मागे पडते. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४७ मध्ये, होरेस बुशनेल या पाळकाने असा विचार मांडला की ख्रिस्ती घरातील मूल लहानपणापासूनच ख्रिस्ती म्हणून वाढावे; आपण कधी त्याबाहेर होतो असे त्याला आठवूच नये.

हा बुशनेल काँग्रिगेशनल पंथाचा होता. ज्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईस उतरले, ज्याच्या मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले आणि १८४२ पासून ‘ज्ञानोदय’ चालविला, ते बोर्डही प्रामुख्याने याच पंथाच्या आधाराने उभे होते. म्हणजे बाक आणि बाकावरील टीका ही दोन्ही एकाच देशातली. आपण त्यांतले बाक तेवढे उत्साहाने जपले, असे मला दिसते.

तरुणांनाच हे आवाहन का लागू पडते, याचेही उत्तर जुने आहे. एडविन स्टारबक या मानसशास्त्रज्ञाने १८९९ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की धार्मिक परिवर्तनाचे अनुभव बहुतांशी दहा ते पंचवीस या वयातच येतात, आणि सोळाच्या आसपास त्यांचा भर असतो. या वयात मन मऊ असते. कोणीतरी आदर्श हवा असतो. हे ज्यांना कळले त्यांनी त्याचा चांगला उपयोग केला, आणि काहींनी फार वाईटही. इंग्लंडमध्ये आयवर्न येथे नामांकित शाळांतील मुलांसाठी शिबिरे भरत. त्यांच्याशी निगडित असलेला जॉन स्मिथ हा बॅरिस्टर शिबिरातून परिचय झालेल्या मुलांना १९७० आणि ८० च्या दशकांत घरी बोलावून, पापाची शिक्षा म्हणून वेताने अमानुष मारीत असे. १९८२ साली ही गोष्ट काही जबाबदार माणसांना कळली होती; ती दाबली गेली. २०२४ च्या नोव्हेंबरात याविषयीचा चौकशी-अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यावरून कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांना राजीनामा द्यावा लागला. आमच्या शिबिरांत असे काही घडते असे मला सुचवावयाचे नाही. पण ‘डोळे मिटा, कोणाकडे पाहू नका’ असे सोळा वर्षांच्या मुलांना सांगणाऱ्याच्या हाती किती सत्ता असते, हे त्या सांगणाऱ्याने स्वतःला विचारावे, असे मात्र वाटते.

तर मग सरांच्या तासाला जे कळले त्याने शिबिराचा निकाल लागला काय? काही दिवस मला तसे वाटले होते. पण तहान का लागते हे शरीरशास्त्राने सांगितले म्हणून पाणी खोटे ठरत नाही. शिवाय दुर्खीमनंतरचे अभ्यासक अधिक बारकाईने पाहतात. व्हिक्टर टर्नर यांनी १९६९ च्या आपल्या पुस्तकात दाखविले की माणसे नेहमीच्या जीवनातून बाहेर पडून मधल्याच एका अवस्थेत असतात तेव्हा त्यांच्यात दर्जाचे भेद गळून एक बंधुभाव उपजतो. पुढे यात्रांचा विचार करताना त्यांनी आपल्या पंढरीच्या वारीचाही आधार घेतला. त्यासाठी त्यांच्यापुढे दोन लेखन होते : पुण्यास राहिलेले फ्रेंच जेझुइट फादर देल्युरी यांचे विठोबा-संप्रदायावरील पुस्तक, आणि आपल्या इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख. इरावतीबाईंनी स्वतः दिंडीत चालताना पाहिले की एकाच वाटेवर एकच अभंग म्हणणारे ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे चालतात, वेगवेगळे जेवतात. त्याचे त्यांना दुःख झाले. शिबिरातही मी हे पाहिले आहे. शेकोटीपाशी सगळे एक. पण पंगतीत शहरातील इंग्रजी शाळांची मुले एकीकडे आणि आम्ही खेड्यातले दुसरीकडे. बसस्टँडवर तर ओळखही अर्धी उरते.

वारीचा उल्लेख आला म्हणून आमच्या शेजारच्या तात्यांची गोष्ट सांगते. ते माळकरी आहेत. गेली वीस-बावीस वर्षे आषाढीला चालत जातात. हा लेख लिहावयास घेतल्यावर मी त्यांना विचारले, “तात्या, वारीहून आल्यावर महिन्याभरात सगळं विसरायला होत नाही का?” तात्या हसले. म्हणाले, “अगं पोरी, इसरायला येळ कुठं घावतो? सांच्याला हरिपाठ असतो ना.”

या एका वाक्याने माझ्या पुस्तकी वाचनाची घडी नीट बसली. वारी वर्षातून एकदाच, पण हरिपाठ रोजचा. पंधरा दिवसांनी एकादशी. गळ्यात माळ, तिच्याबरोबर येणारे नियम. वारी ही त्या रोजच्या गोष्टींची जत्रा आहे. ती रोजच्या गोष्टींच्या जागी येत नाही. आमच्या शिबिराला मात्र आम्ही एकट्यालाच सारे काम सांगितले आहे. पेटविणेही त्यानेच, तेल घालणेही त्यानेच.

नारायण वामन टिळकांना हे अचूक कळले होते असे वाटते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांनी मराठी मंडळीला संजीवन सभांचे वेड लावले नाही. अभंग दिले, भजने दिली, ख्रिस्ती कीर्तन दिले, म्हणजे घरात आणि ओसरीवर रोज म्हणता येईल असे काही दिले. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला तोही माणसांनी कायम एकत्र बांधून राहावे म्हणून. आणि त्यांच्याच घरातील उदाहरण पाहा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या पाच वर्षांत त्या बाईच्या मनात काय काय उलथापालथ झाली ते ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे. तो पालट शेकोटीच्या एका रात्रीचा नव्हता.

कोणी म्हणेल, मग केडगावचे काय? पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात १९०५ च्या जूनअखेर जे संजीवन झाले त्यात भावावेग काय कमी होता? मुली रडत होत्या, मोठ्याने पापांची कबुली देत होत्या, तासन्‌तास प्रार्थना करीत होत्या. त्यांतील पुष्कळ मुली दुष्काळातून वाचवून आणलेल्या, पोरक्या. आमच्या शिबिरातील रात्र त्यापुढे काहीच नव्हे. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचा मी बराच विचार केला. माझ्या मते फरक दुसऱ्या दिवशीच्या सकाळचा आहे. मुक्तिसदनातील मुलींना एसटी धरून कोठे जावयाचे नव्हते. ज्या मुलींबरोबर रात्री रडल्या त्यांच्याबरोबरच सकाळी दळण, स्वयंपाक, विणकाम, छापखाना आणि शाळा. रात्री जे बोलले ते खरे की खोटे हे शेजारी बसून भाकरी थापणारीला आठ दिवसांत कळत असे. शिवाय त्या प्रार्थना करणाऱ्या मुलींचे गट करून त्यांना आसपासच्या गावी पाठवीत, म्हणजे लगेच काही काम असे. तेथे शेकोटी आणि घर ही एकाच आवारात होती.

आमचेही असे आवार होते. ते म्हणजे आजीचा कंदील. आजी निरक्षर होती. तिच्या लहानपणी गावी येणाऱ्या बायबलबाईकडून ऐकून ऐकून तिला भजने, प्रभूची प्रार्थना आणि तेविसावे स्तोत्र मुखोद्गत झाले होते. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी रात्रीच्या जेवणानंतर कंदील मध्ये ठेवून सारे घर बसत असे. अक्षरे लावीत लावीत आजोबा एक अध्याय वाचीत आणि आजी चुका काढी. पुढे वीज आली, दूरदर्शन आले, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल. कौटुंबिक उपासना कधी बंद पडली हे कोणाला सांगता येत नाही, कारण ती बंद करावी असे कोणी ठरविलेच नव्हते. पाळकसाहेबांकडे अनेक गावे. आमच्याकडे ते महिन्यातून एकदा. तेव्हा आई-वडिलांनी समजूत करून घेतली की पोरगी शिबिराला पाठविली म्हणजे झाले.

मग २०२० साल आले. करोनामुळे त्या वर्षी शिबिर नाही, पुढच्या वर्षीही नाही. मंदिराला कुलूप. टाळेबंदीच्या दुसऱ्या आठवड्यात आजी म्हणाली, “बसा समदी. वाच गं तू.” घरात नीट वाचता येणारी मीच होते. उत्पत्तीपासून आरंभ केला. वंशावळी आल्या की मी नावे गाळीत असे, आजी म्हणे, “नावं खाऊ नको. त्यांच्या आयांनी ठेवलेली हायेत.” रोज एक अध्याय, एक भजन, प्रभूची प्रार्थना. वीस मिनिटांचे काम. मध्येच कोणी पेंगत असे, कोणी भांडून उठून जाई. त्या दोन वर्षांत मला एकदाही रडू आले नाही. मला कोणी उभे राहावयास सांगितले नाही. माझी श्रद्धा वाढली की घटली हे मला सांगता येणार नाही. मात्र ती आहे की नाही हा प्रश्न त्या काळात पडला नाही.

आजी २०२१ च्या डिसेंबरात गेली. आम्ही वाचीत वाचीत रूथच्या पुस्तकापर्यंत आलो होतो. त्यानंतर पुन्हा बसणे झाले नाही.

२०२२ च्या मे महिन्यात, दहावीची परीक्षा देऊन, मी शिबिराला गेले आणि शेवटच्या रात्री उभी राहिले. आज विचार करता वाटते की त्या रात्री मी काही देण्यासाठी उभी राहिलेच नव्हते. घरात जे बंद पडले ते मी त्या शेकोटीपाशी शोधीत होते. २०२३ चे कारण सांगण्यास संकोच वाटतो : मी चांगली मुलगी म्हणून सर्वांना ठाऊक झाले होते, आणि बसून राहिले असते तर दिसले असते. डोळे मिटलेले असतात असे म्हणतात, पण कोण बसले आणि कोण उभे हे सगळ्यांना कळते.

अमेरिकेत ख्रिश्चन स्मिथ या समाजशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तेरा ते सतरा वयाच्या तीन हजारांहून अधिक मुलांची पाहणी करून २००५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील एक प्रमुख निष्कर्ष असा की मुलांच्या धार्मिक जीवनावर सर्वांत मोठा प्रभाव आई-वडिलांचा असतो. अमेरिकेची गोष्ट आपल्याला जशीच्या तशी लावू नये हे खरे. तरी हे वाचताना मला कंदील आठवला. घरच्यांचा गैरसमज नको म्हणून सांगते, माझ्या आई-वडिलांना मी दोष देत नाही. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबून आलेल्या माणसाने रात्री अध्याय वाचावा, तोही अक्षरे लावीत, ही अपेक्षा करणे सोपे असते.

आता बारावीनंतरचा, २०२४ चा अनुभव. त्या वर्षी मी शिबिरार्थी नव्हते, गटाची ताई होते. म्हणून शेवटच्या रात्रीनंतरची बैठक प्रथमच पाहावयास मिळाली. किती उभे राहिले ते मोजले गेले. आकडा अहवालात गेला, अहवाल देणगीदारांकडे जाणार होता. मोजणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती; ती सारी कष्टाळू, विनावेतन राबणारी माणसे. पण माझ्या एकदम ध्यानात आले की तीन वर्षांच्या तीन अहवालांत मी तीन निर्णय म्हणून मोजले गेले असणार. मी हे बोलून दाखविले. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, “बाळ, बी पेरणं आपलं काम.” त्यावर मी गप्प बसले. खरे म्हणजे विचारावयास हवे होते की पेरून झाल्यावर आमच्या रानात कोणी वर्षभर पायच ठेवीत नाही काय?

शिबिरे बंद करावीत असे मला म्हणावयाचे नाही. मी वर सांगितलेला फाटकापाशीचा सलाम मला दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी मिळाला नसता. घरात प्रश्न विचारण्याची रीत नव्हती; शास्त्र स्वतः वाचून शंका काढण्याचे धैर्य शिबिरातील गटाने दिले. परंतु शेवटच्या रात्रीवरचा सारा भर काढून तो पहिल्या दिवसावर टाकावा असे वाटते : कोणत्या गावाहून कोण आले, त्यांच्या घरी कोण वाचते, गावात दुसरे ख्रिस्ती घर आहे का, हे आधी विचारावे. उभे राहावयास सांगण्याऐवजी एक छोटी प्रश्नोत्तरी व चार भजने घरी म्हणता येतील अशी पाठ करून द्यावीत, आणि गटाच्या ताई-दादाने वर्षभर त्या आठ-दहा मुलांशी संबंध ठेवावा. हे अहवालात दिसणार नाही, ही यातील अडचण मला दिसते.

माझ्या गटात नऊ मुली होत्या. दर रविवारी संध्याकाळी एकमेकींना फोन करावयाचा असे आम्ही ठरविले होते. सहा जणींचा संपर्क दिवाळीपर्यंत सुटला. त्यांतील एकीचे लग्न झाले. दोघी अधूनमधून बोलतात. नववी मुलगी आमच्यापेक्षाही लहान गावातील आहे, तेथे तिचे एकच ख्रिस्ती घर. मागच्या रविवारी तिचा फोन आला नाही म्हणून मी केला. ती म्हणाली, “ताई, आज पाळकसाहेब आलेच नाहीत. मग मी नि आईनं घरीच एक स्तोत्र वाचलं.” कोणते, म्हणून विचारले तर तिला आठवेना. तिने आईला हाक मारून विचारले. आईलाही आकडा आठवत नव्हता. पण डोंगरांकडे डोळे लावण्याचे जे आहे ते, असे ती आतून ओरडून म्हणाली.

(द्वितीय वर्ष, कला)